मेल मोल्ड की फिमेल मोल्ड? थर्मोफॉर्मिंगचं ड्रॉइंग काढण्याआधी ठरवायची गोष्ट

थर्मोफॉर्मिंगसाठी येणाऱ्या ड्रॉइंगवर पुष्कळदा एकच जाडी लिहिलेली असते: भिंत 2 मिमी, सगळीकडे. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये हे चालतं, कारण तिथे वितळलेलं प्लास्टिक साच्याच्या दोन भागांमधल्या ठरलेल्या फटीत भरलं जातं. थर्मोफॉर्मिंगमध्ये अशी फटच नसते. शीट तापवून मऊ करायचं, साच्यावर आणायचं आणि मधली हवा ओढून घ्यायची. बाहेरच्या हवेचा दाब शीटला साच्यावर बसवतो. साचा शीटच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे शीट जिथे ताणलं जाईल तिथे ते पातळ होणारच. ते कुठे पातळ होईल, हे मुख्यतः साचा मेल आहे की फिमेल यावर ठरतं. दोन्हींतून निघणारा ट्रे लांबून सारखाच दिसतो, म्हणून हा प्रश्न ड्रॉइंगच्या वेळी कुणी विचारत नाही आणि तो साचा बनवणाऱ्याच्या सोयीवर सोडला जातो. माझ्या मते तो डिझायनरनेच सोडवायला हवा.

मेल मोल्ड उठावाचा असतो. शीट आधी त्याच्या माथ्याला टेकतं. टेकलेला भाग थंड होतो आणि ताणायचा जवळजवळ थांबतो. उरलेलं शीट खाली ओढलं जाऊन बाजू तयार होतात. असा ट्रे उलटा केला की तळ जाड आणि भिंती काठाकडे जाताना पातळ. फिमेल मोल्ड खोलगट असतो. तिथे शीट आधी काठाला धरतं, मग भिंतींना लागतं आणि सगळ्यात शेवटी तळाच्या कोपऱ्यांत पोहोचतं. तोवर ताणायला फारसं काही उरलेलं नसतं. त्यामुळे काठ दणकट आणि तळाचे कोपरे सगळ्यात पातळ. आणि हातातून सुटलेला ट्रे नेमका कोपऱ्यावरच आपटतो.

एक हिशोब करून बघा. तोंड 300 × 200 मिमी आणि खोली 100 मिमी असा ट्रे हवा आहे. तोंडाचं क्षेत्रफळ 60,000 चौरस मिमी. तळ आणि चार भिंती मिळून 1,60,000 चौरस मिमी. म्हणजे शीट 2.67 पट ताणलं जाणार. 3 मिमी शीट घेतलं तरी सरासरी जाडी उरते सुमारे 1.1 मिमी, आणि फिमेल मोल्डच्या कोपऱ्यात त्याहून बरीच कमी. ड्रॉइंगवरचे 2 मिमी कुठून आणणार? म्हणून कोपऱ्यांना सढळ रेडियस, म्हणजे गोलाई द्या आणि जाडी लिहिताना ‘या जागी कमीत कमी इतकी’ अशी लिहा.

फिमेल मोल्डच्या या दुखण्यावर प्लग, म्हणजे शीट ढकलणारा ठोकळा, हा चांगला उपाय आहे. व्हॅक्यूम लावण्याआधी प्लग खाली येऊन मऊ शीटला बहुतेक खोलीपर्यंत ढकलतो, त्यामुळे तळाशी जास्त माल पोहोचतो. दह्याचे आणि आइस्क्रीमचे खोल कप असेच होतात. नर्सरीत रोपं वाढवायचा 98 कप्प्यांचा प्रो-ट्रे घ्या. इतके जवळजवळ उठाव मेल मोल्डवर ठेवले तर दोन उठावांच्या मध्ये शीटला घडी पडते, तिला कारखान्यात वेबिंग म्हणतात. ती टाळायला दोन उठावांमध्ये त्यांच्या उंचीच्या दीडपट-दुप्पट अंतर लागतं. मग कप्पे बसणार किती? अशा दाट कप्प्यांना फिमेलच बरा.

माप नेमकं कुठलं हवंय, हाही प्रश्न आहे. साच्याला टेकलेल्या बाजूचंच माप भरवशाचं असतं. दुसऱ्या बाजूचं माप शीटच्या जाडीप्रमाणे हलतं. आत एखादी वस्तू नेमकी बसायची असेल तर मेल, ट्रे बाहेरून एखाद्या खाचेत बसायचा असेल तर फिमेल. पृष्ठभागाचंही तसंच: साच्याचं टेक्श्चर, तसेच धूळ आणि हवेच्या भोकांचे वण, टेकलेल्या बाजूवर उमटतात, शीटची मूळ चमक दुसऱ्या बाजूला राहते. बारीक अक्षरं मात्र नुसत्या व्हॅक्यूममध्ये दोन्हीकडे बोथटच येतात, त्यासाठी दाबाची हवा वापरणारं प्रेशर फॉर्मिंग लागतं.

थंड होताना प्लास्टिक आकसतं. फिमेलमध्ये ते भिंतीपासून सुटतं, म्हणून 2-3 अंश ड्राफ्ट, म्हणजे माल सुटावा म्हणून भिंतीला दिलेला तिरपेपणा, पुरतो. मेलवर तेच प्लास्टिक साच्याला आवळतं, तिथे 4-6 अंश धरावेत, नाहीतर माल काढताना ओरखडे पडतात किंवा तडा जातो.

डबा आणि त्यावर बाहेरून बसणारं झाकण असेल तर डब्याचं बाहेरचं माप हवं, म्हणून डबा फिमेलवर. झाकणाचं आतलं माप हवं, म्हणून झाकण मेलवर. डबा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) या प्लास्टिकचा आणि झाकण एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचं असेल तर आकसही वेगवेगळा धरा. 300 मिमी लांबीवर पीपी दीड टक्क्याने म्हणजे 4.5 मिमी आकसलं आणि एबीएस 0.6 टक्क्याने म्हणजे 1.8 मिमी, तर फरक पडतो 2.7 मिमीचा. दोन्ही साचे एकाच मापाने कापले, तर झाकण डब्यावर सैल बसणार.