उसाचा रस ते जेट इंधन : पार्श्वभूमी

लष्कराला उद्या तेल कुठून मिळणार, हा प्रश्न सोलापूरच्या साखरपट्ट्यात पोचतो तो उसापासून इथेनॉल करणाऱ्या डिस्टिलरीच्या वाटेने. ब्रिटिश नौदलाने कोळसा सोडून तेल धरले, १९७३ मध्ये अरब देशांनी पुरवठा रोखला, हा भाग परिचयाचा आहे. आपल्याकडचे आकडे पाहा: देशातले कच्च्या तेलाचे उत्पादन २०११-१२ मध्ये सुमारे ३.८ कोटी टन होते, २०२३-२४ मध्ये ते तीन कोटींच्या खाली आले. गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येते.

बॅटरीवर छोटे ड्रोन उडतात, पण लढाऊ विमानाला ती पेलत नाही. किलोभर केरोसीनमधली ऊर्जा साठवायला आजच्या लिथियम बॅटरीचे चाळीस-पन्नास किलो वजन वाहावे लागते. म्हणून शोध द्रव इंधनाचाच राहिला. २६ जानेवारी २०१९ च्या संचलनात हवाई दलाचे एएन-३२ विमान १० टक्के जैवइंधनाच्या मिश्रणावर उडाले. ते जट्रोफा या झुडपाच्या तेलबियांचे होते, आणि जट्रोफाच्या लागवडीने शेतकऱ्याची निराशाच केली. इथेनॉल जेट इंजिनात थेट चालत नाही, मात्र त्याचा इथिलीन वायू करून रेणूंच्या लांब साखळ्या जोडल्या की केरोसीनच्या जातीचे इंधन तयार होते.

इथेच ७ डिसेंबर २०२३ चा आदेश आडवा येतो. ऐन गाळपात केंद्राने उसाचा रस आणि पाकापासून इथेनॉल करायला मनाई केली. कारण दिले ते असे, की पावसाने ओढ दिली, साखर कमी पडेल. लोकसभेची निवडणूक जवळ होती, हेही विसरता येत नाही. आठवडाभरातच १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत मुभा मिळाली. बंदी पूर्ण उठली ती ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, म्हणजे हंगाम गेल्यावर. इथेनॉलचे पैसे साधारण २१ दिवसांत येतात, साखर मात्र गोदामात महिनोन्‌महिने पडून राहते. इथेनॉलच्या या लवकर येणाऱ्या पैशाच्या भरवशावर कारखान्यांनी डिस्टिलऱ्यांसाठी कर्जे काढली होती. पैसा अडकला की उसाचे बिल लांबते, आणि त्याची झळ माळशिरस-माढ्याच्या शेतकऱ्याला बसते. दरम्यान इथेनॉलसाठी मका पुढे सरकला. ऊस उजनी धरणाचे पाणी पितो, हा आक्षेप खरा आहे; पण त्या आदेशामागे पाण्याचा विचार नव्हता.

आता आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणांसाठी नेहमीच्या जेट इंधनात शाश्वत, म्हणजे खनिज तेलाऐवजी जैविक मालासारख्या स्रोतांपासून केलेले इंधन मिसळण्याचे लक्ष्य ठरले आहे: २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के. असे इंधन करणारा प्रकल्प उभा करायचा तर कच्च्या मालाची किमान दहा वर्षांची खात्री हवी. रस वापरायचा की नाही, याचे आदेश मात्र अजून हंगामागणिक निघतात.