घट्ट मागची साइट बसवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पाकिटातून काढलेली पिस्तुलाची मागची साइट (नेम धरायचा मागचा तुकडा) स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, खाचेत बोटाने सरकली नाही, तर चुकीचा माल आला असे समजू नका. ती घट्टच असायला हवी. एकाच मॉडेलच्या दोन पिस्तुलांच्या डव्हटेल (तळाशी रुंद, वर अरुंद) खाचाही तंतोतंत सारख्या नसतात. स्लाइडवर नंतर सेराकोटसारखा लेप दिला असेल, तर प्रत्येक पृष्ठभागावर साधारण 0.013 ते 0.025 मिमी थर चढतो आणि खाच तेवढी अरुंद होते. म्हणून आम्ही साइटचा पाया मुद्दाम किंचित भरीव ठेवतो. जास्तीचा धातू घासून काढता येतो, पण कमी पडलेला परत लावता येत नाही. सैल साइट दर गोळीच्या धक्क्याने केसभर सरकत राहते आणि नेम कधी बिघडला हे नेमबाजाला कळतही नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

मॅगझिन काढा. चेंबर नजरेने पाहा आणि करंगळी घालूनही तपासा. काडतुसे त्या खोलीतच ठेवू नका. मग स्लाइड फ्रेमपासून वेगळी करून बॅरल आणि रिकॉइल स्प्रिंग काढून ठेवा. स्लाइड फ्रेमवर असताना साइट ठोकू नका, कारण त्या ठोक्यांचा भार स्लाइड ज्यांवर सरकते त्या रेल्सवर येतो.

साइटवर ग्रब स्क्रू (साइट जागी धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) आहे का ते पाहा आणि असेल तर आधी सैल करा. अ‍ॅलन की पूर्ण आत बसल्याशिवाय फिरवू नका, नाहीतर स्क्रूचे तोंड जाते. काही पिस्तुलांत, उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी मालिकेत, स्ट्रायकर ब्लॉकची (ट्रिगर न दाबता गोळी सुटू न देणाऱ्या अडथळ्याची) स्प्रिंग आणि तिची टोपी मागच्या साइटखालीच दाबलेली असते. साइट सरकताच ती उडते, म्हणून शेवटच्या टप्प्यात त्या जागी अंगठा ठेवा. नवी साइट घालतानाही टोपी खाली दाबून धरावी लागते. ती बसवायची राहिली तर पिस्तुलाची सुरक्षा यंत्रणाच अपुरी राहते, त्यामुळे काम संपल्यावर हे नक्की तपासा.

जुनी साइट काढण्यापूर्वी तिच्या दोन्ही टोकांपासून स्लाइडच्या कडेपर्यंतचे अंतर व्हर्निअरने मोजून लिहून ठेवा. जुनी रीत अशी : नेमबाजाच्या बाजूने पाहता साइट डावीकडून उजवीकडे काढायची आणि उजवीकडून डावीकडे घालायची. सगळे उत्पादक ही दिशा पाळत नाहीत. जुनी साइट हलत नसेल तर मोठी हातोडी उचलण्यापूर्वी पिस्तुलाच्या पुस्तिकेत दिशा पाहा.

फिटिंग : वेळ इथे द्या

खाच नायलॉन ब्रशने साफ करा, तेल पुसा, काठावर बर (धातूचा उठलेला कंगोरा) असेल तर तेवढाच काढा. आता नवी साइट अंगठ्याने दाबा. खाचेच्या एक तृतीयांशापर्यंत गेली, तर फिट योग्य आहे आणि पुढचे काम साइट पुशरचे, म्हणजे साइट दाबाने सरकवणाऱ्या साधनाचे. अर्ध्याच्या पुढे गेली तर कानस हातातही घेऊ नका. तोंडाशीच अडली, तरच धातू उतरवायचा.

धातू साइटचा उतरवायचा, स्लाइडचा कधीही नाही. साइट बिघडली तर दुसरी मिळते. खाच एकदा मोठी झाली की पुढची प्रत्येक साइट सैलच बसणार. शिवाय नायट्राइड (नायट्रोजनने पृष्ठभाग कठीण करण्याची प्रक्रिया) केलेल्या स्लाइडचा पृष्ठभाग इतका कठीण असतो की कानस नुसती घसरते आणि कड मात्र खराब होते.

साइटच्या बुडाला आणि दोन्ही तिरक्या कडांना काळा मार्कर फासा, साइट जाईल तितकी आत दाबा, बाहेर काढा. जिथे शाई पुसून धातू चमकतो, तिथेच ती अडते आहे. कधी कधी पाया ठीक असतो आणि साइटचा वरचा भाग स्लाइडच्या पाठीवर घासत असतो. तसे असेल तर पाया घासून काहीच साधणार नाही.

दोन्ही कडा सारख्या चमकत असतील तर बूड घासा. सपाट काचेवर 320 नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, साइट सरळ धरून एकाच दिशेने पाच वेळा ओढा, मग साइट फिरवून उलट टोकाने पाच वेळा. फिरवली नाही तर बोटांच्या दाबाने एक टोक जास्त उतरते. बूड घासल्याने साइट खाचेत खाली बसते आणि खाच खाली रुंद असल्यामुळे दोन्ही कडांना सारखीच मोकळीक मिळते, कडांचा कोनही बिघडत नाही. 60 अंशांच्या खाचेत बूड 0.02 मिमी उतरले की रुंदीत सुमारे 0.023 मिमी जागा होते. म्हणून दर दहा ओढींनंतर थांबून पुन्हा घालून पाहा. घाई केली की साइट सैल होते, ती इथेच.

एकच कड चमकत असेल तर एक बाजू घासून गुळगुळीत केलेली त्रिकोणी कानस वापरा. गुळगुळीत बाजू साइटच्या वरच्या भागाकडे राहिली पाहिजे. साइटच्या आत शिरणाऱ्या कोपऱ्याची धार 0.2 ते 0.3 मिमी मोडा, म्हणजे ती खाचेला खरवडत नाही. घासलेल्या उघड्या पोलादावर कोल्ड ब्लू (पोलाद काळे करणारे द्रावण) किंवा निदान तेलाचा हात द्या.

आत ढकलताना

साइट पुशरमध्ये स्लाइड काटकोनात घट्ट धरा. पुशरचा ठोकळा साइटच्या पायाजवळ टेकला पाहिजे, कारण वरून दाब दिला की साइट कलंडते आणि आणखी अडकते. खाचेत तेलाचा एक थेंब टाका. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडे सरकवले तर दाबाखाली दोन्ही पृष्ठभाग एकमेकांचा धातू उपटतात. मध्येच जोर अचानक वाढला तर तिथेच थांबा, साइट मागे घ्या आणि खुणा पाहा.

पुशर नसेल तर स्लाइड नरम जबड्यांच्या व्हाइसमध्ये धरून पितळी किंवा नायलॉन पंचाने छोटे ठोके द्या. ट्रिटियमच्या (अंधारात चमकणाऱ्या) साइटवर मात्र पंच वापरू नका, गरमही करू नका. तिच्यातील नळी काचेची असते.

साइट फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय बरेच जण विचारतात. 12 मिमी रुंदीचे पोलाद 40 अंश सेल्सिअसने थंड झाले तर फक्त 0.005 ते 0.006 मिमी आकसते. एवढ्याने अडलेली साइट सुटत नाही.

मध्यावर आणणे

व्हर्निअरने साइट मध्यावर आणा. मग ग्रब स्क्रूचे आटे तेलमुक्त करून निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे सुटू न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावा आणि 24 तास सुकू द्या. सैल साइट स्क्रूच्या जोरावर धरून ठेवू नका, जास्त आवळला तर खाचेच्या तळाला खड्डा पडतो. साइट सैल झालीच असेल तर बुडाखाली पातळ पितळी शिम (पट्टी) घाला.

नेम पाहण्यासाठी टेकूवरून किमान पाच गोळ्यांचा गट झाडा. गोळी ज्या बाजूला न्यायची, मागची साइट त्याच बाजूला सरकवा. किती, ते असे काढा : चूक गुणिले पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर, भागिले लक्ष्याचे अंतर. साइटमधले अंतर 165 मिमी असेल आणि 10 मीटरवर गट 30 मिमी डावीकडे पडत असेल, तर मागची साइट उजवीकडे सुमारे 0.5 मिमी. गोळी वर न्यायची असेल तर उंच मागची साइट लागते. ग्लॉकच्या मूळ मागच्या साइट 6.1, 6.5, 6.9 आणि 7.3 मिमी उंचीत येतात. 165 मिमीच्या अंतरावर एका पायरीचा 0.4 मिमी फरक 25 मीटरवर गोळी सुमारे 60 मिमी हलवतो.

नेम जुळला की साइट आणि स्लाइड यांच्या सांध्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा. पहिल्या 50 गोळ्यांनंतर ती रेघ तुटलेली दिसली, तर स्क्रू आवळत बसू नका. साइट काढून फिटिंग पुन्हा तपासा.