वाडीतलं मेश हॅम रेडिओने तालुक्याला जोडायचंय? अर्ज इथे अडतो

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडचे फोन दिवसच्या दिवस मुके झाले. तेव्हापासून मेशची, म्हणजे मोबाइल टॉवरशिवाय चालणाऱ्या रेडिओंच्या जाळ्याची, चौकशी वाढली आहे. घराघरात छोटे लोरा रेडिओ (थोड्या विजेवर लांबवर छोटे निरोप पाठवणारे), एक वर सड्यावर सौर पॅनेलसकट, आणि निरोप एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. याला परवाना लागत नाही. 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीपर्यंत खुला आहे. परवाना लागतो तो डोंगराआडच्या मेशशी किंवा तालुक्याशी हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी लोकांच्या परवान्याच्या रेडिओवरून, बोलायला.

त्यासाठीची परीक्षा केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग घेतो, अर्ज सरल संचार पोर्टलवर. वय किमान 12. रिस्ट्रिक्टेड ग्रेड, म्हणजे खालची श्रेणी घ्या, तिला मोर्स (ठिपके-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही. पेपर 100 गुणांचा, अर्धा तांत्रिक आणि अर्धा नियमांचा. एकूण 50 टक्के हवेतच, पण प्रत्येक भागात 40 टक्केही हवेत. तांत्रिकमध्ये 19 आणि नियमांत 36, बेरीज 55, तरी नापास! वायरमनकी येणारी पोरं उलट्या बाजूने पडतात: नियम वाचतच नाहीत.

पास झालात की प्रमाणपत्र मिळतं. तो परवाना नव्हे. परवान्याचा अर्ज वेगळा, आणि कॉल साइन, म्हणजे हवेत बोलताना सांगायचं तुमचं ओळखचिन्ह, त्यानंतर. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलेलं आणि पुढचा अर्जच केलेला नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. मधल्या काळात ऑनलाइन मिळणारा स्वस्त वॉकीटॉकी घेऊन 'नुसतं टेस्ट' करू नका. परवाना हाती यायला महिने जातात, म्हणून मे महिन्यात जागं होऊन उपयोग नाही.

सगळ्यात चिवट कागद पत्त्याचा. परवान्यात स्टेशनची जागा लिहिलेली असते. आधारवर डोंबिवली, सेट लावायचा गुहागरजवळच्या घरात. गावच्या पत्त्याचा पुरावा काढायला बसलं की घरपट्टी आजोबांच्या नावावर, वीजबिल चुलत्याच्या, आणि सातबारावर सतरा नावं. पोर्टलला यातलं काही कळत नाही, कळावं अशी अपेक्षाही सोडा. चाकरमान्याने खटपट करण्यापेक्षा बारमाही गावात राहणाऱ्याला परीक्षेला बसवा. वादळाच्या दिवशी तुम्ही डोंबिवलीतच असणार. नावाचं स्पेलिंग मात्र आधार, दहावीचा दाखला आणि अर्ज, तिन्हीकडे अक्षरशः एकच ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका इथेच फार अडकतात.

आता जोडणीचा नियम, जो अर्जात कुणी सांगत नाही. मेशवरचे निरोप सहसा कूटबद्ध असतात. हॅमच्या लहरींवर अर्थ लपवलेला निरोप चालत नाही. त्यामुळे दोन्ही यंत्रं सरळ जोडून मोकळं होता येत नाही; परवानाधारकाने मेशवरचा निरोप वाचायचा आणि उघड भाषेत पुढे सांगायचा. "खालची वाडी, डायलिसिसचा पेशंट एक, होडी हवी" एवढं पुरे. नाव, फोन नंबर हवेत सोडू नका, ऐकणारे पुष्कळ असतात. एरवी दुसऱ्याचे निरोप नेणं परवान्यात बसत नाही, आपत्तीत त्याला मुभा आहे. पण ती मुभा आहे हे तहसील कचेरीतल्या माणसाला माहीत असेलच असं नाही. कॉल साइन, फ्रिक्वेन्सी आणि ऐकायची वेळ लिहिलेलं पत्र पावसाआधी तिथल्या आपत्ती कक्षात द्या. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.