लांबी वाढते, व्यास नाही

जर्मनीतल्या कीलच्या एचडीडब्ल्यू या जहाजबांधणी गोदीसाठी उलरिख गाबलर यांच्या कार्यालयाने आखलेल्या टाइप २०९ पाणबुडीच्या साठाहून अधिक नौका जगभरच्या नौदलांत गेल्या. खुद्द जर्मन नौदलाने तिची एकही घेतली नाही. त्यांचा बाल्टिक समुद्र उथळ, सरासरी खोली जेमतेम ५५ मीटर. तिथे चुंबकीय सुरुंगांचा धोका मोठा, म्हणून त्यांना साडेचारशे टनांची, चुंबकाला दाद न देणाऱ्या पोलादाची छोटी टाइप २०६ पुरत होती. ग्रीस, पेरू, भारत यांना मोकळ्या समुद्रात दूरवर जाणारी नौका हवी होती. म्हणजे २०९ जन्मापासूनच परक्या पाण्यासाठीची, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाचे पाणी वेगळे.

ग्रीसची पहिली २०९ सुमारे ५४ मीटर लांब होती. आपली आयएनएस शिशुमार त्याच कुटुंबातली, पण ६४.४ मीटर. रुंदी मात्र दोघींची जवळपास सारखीच, सहा-साडेसहा मीटर. हे असे का, यातच पाणबुडीच्या रचनेचे मर्म आहे.

३०० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३०० टनांचा भार असतो. तो पेलते आतली नळकांडी, म्हणजे प्रेशर हल. तिच्या पत्र्यावरचा ताण दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराला जाडीने भागल्यावर मिळतो. या हिशेबात लांबी येतच नाही. व्यास दीडपट केला तर पत्रा दीडपट जाड हवा. मग पोलाद, वेल्डिंग, चाचण्या सगळेच नव्याने. लांबी वाढवायची तर त्याच व्यासाचे, त्याच अंतरावर फ्रेम, म्हणजे पत्र्याला आधार देणाऱ्या कड्या, बसवलेले आणखी एक कडे जोडायचे. लोकलला डबा जोडावा तसे. लांबीलाही मर्यादा आहेच: नौका फार लांबली की घर्षण वाढते आणि वळायला जड जाते. पण काही मीटरांची सवलत असते आणि गिऱ्हाईक आपले म्हणणे त्या मीटरांत मांडते.

भारताने तिथे एक विलक्षण गोष्ट मागितली: पोलादी गोल, ज्यात अख्खे चाळीस जणांचे पथक बसून बुडालेल्या नौकेतून वर येऊ शकेल. ही सोय २०९च्या इतर कुठल्याच उपप्रकारात नाही. खर्च, वजन आणि जागा मोजून माणसांचा जीव वाचवण्याची सोय घेणे हा निर्णय मला या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोलाचा वाटतो. या वर्गातल्या शाल्की आणि शंकुल या दोन नौका मुंबईच्या माझगाव डॉकमध्येच बांधल्या गेल्या.

फ्रेंच बनावटीच्या स्कॉर्पिन पाणबुडीचेही तसेच. आपली कलवरी ६७.५ मीटर, ब्राझीलची रियाशुएलो ७१ मीटरहून थोडी जास्त. व्यास दोघींचा ६.२ मीटर. ब्राझीलचा किनारा सात हजार किलोमीटरहून लांब, म्हणून त्यांनी वाढलेल्या जागेत इंधन, रसद आणि बिछाने भरले. पाकिस्तानने आगोस्ता ९०बी या आपल्या फ्रेंच बनावटीच्या पाणबुड्यांत उलट केले. खालिद आणि साद आधी बांधल्या, नंतर कापून त्यांत मेस्मा यंत्रणेचा भाग घातला. इथेनॉल आणि द्रव ऑक्सिजन जाळून वाफेवर टर्बाइन फिरवणारी ही यंत्रणा. त्याने लांबी सुमारे ६७ वरून ७६ मीटरवर गेली आणि हवेसाठी वर न येता पाण्याखाली राहण्याची मुदत वाढली.

कडे जोडणे ऐकायला सोपे आहे, तोल साधणे नाही. ६.२ मीटर व्यासाचे एक मीटर लांब कडे सुमारे ३१ टन पाणी बाजूला सारते, म्हणजे आतल्या सामानासकट त्याचे वजनही तितकेच भरले पाहिजे. बॅटऱ्या भरल्या तर ते जास्त भरेल, बिछाने ठेवले तर कमी. मग तळाशी शिशाच्या विटा ठेवून किंवा काढून हिशेब जुळवायचा. इंधनाचा प्रकार तर आणखी मजेशीर. पुष्कळ पाणबुड्यांत डिझेल संपत जाते तसे टाकीत त्याच्या जागी समुद्राचे पाणी येते. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे इंधन जळत जाते तशी नौका हलकी होण्याऐवजी जड होते.

आणि समुद्र स्वतः बदलला तर? सिंगापूरने १९९०च्या दशकात स्वीडनच्या जुन्या श्योऑर्मेन नौका घेतल्या. बाल्टिकचे पाणी कमी खारट, घनमीटरला सुमारे १,००५ किलो. सिंगापूरजवळ १,०२० किलोच्या आसपास. बाराशे टनांच्या नौकेला तिथे बुडी मारायला पंधरा ते अठरा टन जादा पाणी आत घ्यावे लागेल. पण खरा शत्रू उष्णता. तिथले पाणी तीस अंशांच्या जवळपास. स्वीडनमध्ये थंड पाणी यंत्रांतली उष्णता सहज ओढून घेत होते. इथे तापमानांतला तो फरक उरतच नाही. म्हणून वातानुकूलन वाढवावे लागले, गंजाला टिकणारे पाइप घालावे लागले, शेवाळ-शिंपल्यांचा बंदोबस्त करावा लागला.

म्हणूनच ‘अमुक देशाकडे स्कॉर्पिन आहे’ एवढ्यावरून दोन नौदलांची तुलना करणाऱ्या बातम्या मला अपुऱ्या वाटतात. नावामागे लांबी किती, आत काय भरले आणि कुठल्या पाण्यासाठी, हे विचारल्याशिवाय त्या नावाला फारसा अर्थ नाही.

कलवरी वर्गाच्या बाबतीत तो प्रश्न आता अंबरनाथपर्यंत आला आहे. तिथल्या डीआरडीओच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने फॉस्फोरिक आम्लावर चालणारा इंधन-घट (फ्युएल सेल), म्हणजे बाहेरच्या हवेविना पाण्याखाली हायड्रोजनपासून वीज बनवणारा संच, तयार केला. हायड्रोजनच्या अवजड टाक्या वाहण्याऐवजी तो वायू नौकेवरच रसायनातून निर्माण होतो. २०२१च्या मार्चमध्ये या यंत्रणेची जमिनीवर चाचणी झाली. डिसेंबर २०२४मध्ये संरक्षण मंत्रालयाने ती बसवायचा भाग बांधण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला. तो बसवायचा म्हणजे तयार नौका मधोमध कापायची, व्यास मिलिमीटरपर्यंत जुळवायचा, शेकडो तारा आणि नळ्या पुन्हा जोडायच्या आणि मग शिशाच्या विटांचा हिशेब नव्याने मांडायचा.