टोमॅटोचं फूल गाठीवरच का तुटतं?

गोव्यात पेडण्याकडच्या मळ्यांत वायंगण (रब्बीचा हंगाम) सरत आलं की एक तक्रार हमखास कानावर येते: "फुलं भरपूर आली हो, पण धरलीच नाहीत." पाण्यात दोन-चार दिवसांचा खंड, वर मार्चचं ऊन, आणि सकाळी टोमॅटोच्या झाडाखाली पिवळा सडा. झाड अशक्त झालं म्हणून फुलं गळाली, असं आपण समजतो. उन्हानं परागीभवन बिघडूनही ती गळतात, हे खरंच. पण पाणी तुटतं तेव्हा झाड स्वतःच फुलं सोडून देतं.

फुलाचा देठ जवळून पाहा. मध्येच एक फुगीर गाठ असते, फूल तुटतं ते तिथेच. 2020 मध्ये जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठातल्या संशोधकांनी या गाठीतला व्यवहार उलगडला. पाणी कमी पडलं की तिथं एक विकर (एन्झाइम) तयार होतं. ते एका मोठ्या प्रथिनाला कातरतं आणि त्यातून पीएसके नावाचा पेप्टाइड सुटतो. अवघ्या पाच अमिनो आम्लांची ही साखळी (आपलं इन्सुलिन 51 अमिनो आम्लांचं), पण तिचा निरोप मिळाला की गाठीतल्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या भिंती विरघळू लागतात.

गंमत अशी, की हाच पीएसके मुळांना वाढीचा निरोप देतो. तो पहिल्यांदा सापडला 1996 मध्ये, जपानात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या अ‍ॅस्परागसच्या पेशींत, आणि तिथंही तो पेशींना विभागायलाच लावत होता. म्हणजे एकच शब्द, मुळाला 'वाढ' आणि देठाला 'सोड'. अर्थ ऐकणाऱ्यावर ठरतो.

पण जमीन सुकल्याचं पानाला कळतं कसं? 2018 मध्ये जपानच्या रिकेन संस्थेनं सीएलई25 हा निरोप्या दाखवून दिला. सुकणाऱ्या मुळातून निघालेला बारा अमिनो आम्लांचा हा पेप्टाइड पानांत पोचतो, तिथं अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटतात. तो तयारच न करणारी झाडं दुष्काळात लवकर माना टाकतात. अर्थात हे प्रयोग मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या रोपट्यावरचे. आगशीच्या वांग्यात नेमकं असंच घडतं, असं त्यावरून म्हणता येत नाही.

नत्राचंही तसंच. मुळांचे दोन भाग करून एक भाग उपाशी ठेवला, तर तो सीईपी नावाचा पेप्टाइड वर पाठवतो. मग पानांकडून खाली हुकूम येतो आणि नत्र मिळणाऱ्या बाजूची मुळं जास्त ओढू लागतात. घरातला एक आजारी पडला की दुसरा दुप्पट राबतो, तसं.

दुकानात 'पेप्टाइडयुक्त' लिहिलेली बाटली दिसली, तर मात्र लगेच हुरळू नका. तशा पुष्कळ बाटल्यांत प्रथिनं तोडून केलेलं मिश्रण असतं, वर सांगितलेला एखादा नेमका निरोप्या नव्हे. फुलोऱ्याच्या दिवसांत पाण्यात खंड पडू न देणं आणि बुडाशी गवताचं आच्छादन घालणं, यात खर्च कमी.

आणि उद्या सकाळी खाली पडलेलं एक फूल उचलून बघा. अर्धा देठ त्याच्यासोबतच आलेला असेल, गाठीपर्यंतचा, आणि त्याचं टोक कातरल्यासारखं साफ.