युरोपातल्या गाईला खरंच रोज दोन डॉलर मिळतात का?

‘युरोपातल्या प्रत्येक गाईमागे सरकार रोज दोन डॉलर देतं’ हे वाक्य वीसेक वर्षं फिरतंय. आकडा हवेतून आलेला नाही, पण तो रोख रकमेचा नाही.

2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत युरोपीय संघातल्या दूधधंद्याला मिळणाऱ्या एकूण ‘आधारा’ला गाईंच्या संख्येने भागून तो काढला गेला. या आधारात मोठा वाटा चढ्या भावाचा होता. संघाच्या आत व्यापार खुला, बाहेरच्या मालावर मात्र जबर आयातशुल्क. बाहेरचं स्वस्त लोणी अडलं की आतला भाव वर राहतो आणि तो फरक ग्राहक दुकानात भरतो. हिशेबात हा फरकही ‘आधार’ म्हणून धरतात. गोठ्यात कुणी पैसे नेऊन देत नाही.

शिवाय 2003 मध्ये ठरलेल्या सुधारणेनंतर बहुतेक अनुदान जनावरांपासून तोडून हळूहळू जमिनीच्या हेक्टरशी जोडलं गेलं. म्हणजे ज्याची जमीन मोठी त्याला जास्त. आक्षेप घ्यायचाच तर, मला वाटतं, इथे घ्यावा. काही सदस्य देश आजही ठराविक मर्यादेत दुभत्या जनावरांमागे पैसे देतात. नियम सामाईक असले तरी प्रत्येक देश आपल्या शेतकऱ्यांसाठी थोडी मोकळीक मिळवतोच.

तपासायचं असेल तर प्रत्येक सदस्य देश लाभार्थ्यांची यादी दरवर्षी संकेतस्थळावर टाकतो. रक्कम किती आणि कोणत्या योजनेतून, दोन्ही त्यात दिसतं. अगदी छोट्या रकमांपुढची नावं तेवढी झाकलेली असतात.