पशुवैद्यकीय शिक्षणातील खेळ

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना रोगनिदान, शरीररचना, साथनियंत्रण आणि पशुपालकाशी बोलणे शिकवण्यासाठी पत्ते, पट, प्रश्नमंजुषा, नाट्यीकरण व संगणकीय सराव वापरण्याची पद्धत. हजेरीला किंवा गृहपाठाला बिल्ले आणि क्रमवारी जोडणे हा प्रकार यापेक्षा वेगळा. त्यात खेळ वरून चिकटवलेला असतो, तर इथे आजाराचे वागणेच डावाचे नियम ठरवते.

अशा सरावाची गरज कुठे पडते हे गाभण तपासणीत लगेच कळते. विद्यार्थ्याचा हात गाईच्या गुदाशयात असतो आणि शिक्षक बाहेर उभा असतो. गुदाशयाच्या भिंतीपलीकडे बोटाखाली गर्भाशय आहे की मूत्राशय, हे शिक्षकाला दिसत नाही आणि नवख्या विद्यार्थ्याला सांगता येत नाही. एकाच गाईवर दहा जणांनी हात साफ करणेही बरे नव्हे. ब्रिटनमधील पशुवैद्य सारा बेली यांनी २००० नंतरच्या दशकात यावर ‘हॅप्टिक काऊ’, म्हणजे स्पर्श जाणवून देणारी गाय, तयार केली. गाईचा मागचा भाग फायबरग्लासचा आणि आत संगणकाला जोडलेला यांत्रिक हात. विद्यार्थी त्याच्या टोकाच्या, शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या टोपीत बोट घालतो. गर्भाशय, बीजांडकोश, वाढता गर्भ त्याला स्पर्शाने जाणवतात आणि बोट कुठे फिरते आहे ते शिक्षकाला पडद्यावर दिसते. काटेकोरपणे पाहिले तर हे सरावयंत्र आहे, खेळ नव्हे. मात्र ‘शोध आणि सांग’ हा त्यातला गाभा खेळाचाच. यावर शिकलेल्या विद्यार्थ्यांना पुढे खऱ्या गाईत गर्भाशय अधिक चांगले सापडले.

रोगनिदानाचे पत्ते बनवायला फारसा खर्च येत नाही. एका पत्त्यावर लिहिलेले असते: भरपूर दूध देणारी गाय, काल व्याली, आज उठत नाही, कान थंड, मान पोटाकडे वळलेली. गटाकडे मोजके गुण असतात आणि प्रत्येक तपासणीला त्यातले काही जातात, कारण बाहेर तो खर्च पशुपालकाच्या खिशातून व्हायचा असतो. हा दुग्धज्वर. नावातल्या ‘ज्वरा’ला भुलून ताप शोधणारा गट इथे हमखास अडकतो, कारण अशा गाईचे तापमान नेहमीइतके किंवा त्याहून कमी भरते; खरी उणीव रक्तातल्या कॅल्शियमची असते. निदान बरोबर आले तरी डाव संपत नाही. कॅल्शियम शिरेतून घाईने सोडले तर हृदय बंद पडू शकते. ‘सलाइन वेगाने’ हा पत्ता टाकणाऱ्याची गाय तिथेच मरते, आणि ही चूक विद्यार्थी सहसा विसरत नाही.

साथीच्या खेळात पटावर गावे, आठवडी बाजार आणि रस्ते मांडलेले असतात. लाळ्या-खुरकूत हा गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग यासाठी सोयीचा, कारण तोंडात फोड दिसण्याआधीच जनावर विषाणू बाहेर टाकू लागते. खेळाडू बाजार बंद करेपर्यंत रोगाच्या सोंगट्या पुढे गेलेल्या असतात. ब्रिटनमध्ये २००१ साली नेमके हेच घडले. साथ उघड होईपर्यंत मेंढ्यांच्या व्यापारातून रोग दूरवर पसरला होता आणि पुढे साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली.

नाट्यीकरणात एक विद्यार्थी पशुपालक होतो. महाराष्ट्रात याला खास अर्थ आहे, कारण पाठ्यपुस्तके इंग्रजी आणि गोठ्यातली तक्रार मराठी. ‘रवंथ करत नाही’, ‘वार अडकलीय’, ‘सड सुजलाय’, ‘उलटतेय’ हे ऐकून योग्य पुढचा प्रश्न विचारता येणे हेच तिथले कौशल्य. (‘वार’ म्हणजे व्याल्यावर बाहेर पडणारी झिल्ली, ‘उलटणे’ म्हणजे वारंवार रेतन करूनही गाभण न राहणे.)

मोबाइलवरील झटपट प्रश्नमंजुषा लोकप्रिय, पण पाठांतरापुरतीच कामाची: म्हशीचा गाभण काळ सुमारे ३१० दिवस, शेळीचा १५०, प्रौढ गाईला ३२ दात आणि वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत. वेगाला गुण असल्याने विचार करून उत्तर देणारा तिच्यात मागे पडतो. खेळ कोणताही असो, डावानंतरची चर्चा वगळली तर विद्यार्थ्याला आपण हरलो एवढेच कळते, का हरलो ते कळत नाही. लाथ, शेण आणि दावे तोडू पाहणारे जनावर मात्र कुठल्याच पटावर नसते. त्यासाठी इंटर्नशिपचे वर्ष असते.